न भिजणाऱ्या पिशव्यांची परीक्षा

नदी आमच्या गावापाशी येते तेव्हा दमलेली असते. वर डोंगरात भरपूर आदळआपट करून आलेली असते, म्हणून पुलाखाली थोडी पसरते, वाळूवर अंग टाकते, घटकाभर पडते आणि पुढच्या खडकांशी भांडायला पुन्हा उठते. असे देखणे पाणी दारासमोरून वाहत असताना पंपअण्णाचा विश्वास मात्र एकाच पाण्यावर होता. ते त्याच्या दुकानातल्या टबात होते.

पुलाच्या टोकाला अण्णाचे पंक्चरचे दुकान. वर पत्रा, खिळ्यांना लटकलेल्या ट्यूबा, घासून घासून पाठ गेलेला लाकडी ठोकळा, सोल्यूशनचा वास आणि मधोमध तो टब. कोणे एके काळी कुणाच्या तरी घरी त्यात बाळे न्हात असत म्हणे. आता त्यातले पाणी इतके काळे होते की वाकून पाहिले तरी स्वतःचे तोंड दिसत नसे, आणि अण्णाचे तोंड पाहता ही सोयच होती. ट्यूब फुगवायची, टबात दाबून धरायची, बुडबुडा आला की तिथे रोग. नाही आला, तर गिऱ्हाईक खोटे बोलते आहे. इतके सोपे शास्त्र हाती आल्यावर माणूस गप्प बसेल कसा? अण्णाने ते साऱ्या जगाला लावायचे ठरवले. जगाने मागितले नव्हते, पण जगाला आपले भले कधी कळले आहे!

शेकायची रबरी पिशवी, कुकरची रिंग, व्याह्यांनी भेट दिलेला थर्मास, सगळे त्या टबातून जाऊन आले. थर्मास पास झाला. त्यानंतर त्यातल्या चहाला टायरचा वास येऊ लागला, पण अण्णाच्या मते तो चहाचा दोष.

"लग्नाआधी मला बुडवून बघितलं नाहीत, हे माझं नशीब," त्याची बायको म्हणाली. तिला घरात आणि गावात थोरली म्हणत.

"तुला कशाला बुडवायचं? तुझी हवा कुठून जाते ते लांबूनच ऐकू येतं."

थोरलीने तो थर्मास त्याच संध्याकाळी भंगारात दिला आणि व्याह्यांना सांगितले की तो फार उपयोगाला आला.

आता धाकटीबद्दल सांगतो. धाकटी म्हणजे अण्णाच्या धाकट्या भावाची बायको. हा भाऊ नदीवर रबरी होडी चालवायचा. शहरातली माणसे यायची, डोक्यावर हेल्मेट घालायची, खडकांच्या उतारावरून किंचाळत खाली जायची आणि किंचाळण्याचे पैसे देऊन घरी जायची. पुढे भावाचा खांदा असा निखळला की बसवला तरी मनासारखा बसेना. तेव्हा त्याच्या हातातले वल्हे धाकटीने घेतले. लोक चार दिवस कुजबुजले, पाचव्या दिवशी तिने होडी उतारावरून सरळ खाली काढून दाखवली आणि लोकांना कुजबुजायला दुसरा विषय शोधावा लागला.

पण वरच्या अंगाला एका मोठ्या सहलवाल्याने तळ ठोकला. त्याच्याकडे होड्यांचा ताफा, कर्ण्यावर गाणी आणि भिजलेल्या माणसांचे फोटो लगेच कागदावर काढून देणारे यंत्र. दुपारपुरत्या सहलीची गिऱ्हाइके तिकडे वळली. धाकटीला एकच वाट उरली, मुक्कामाची सहल. एक रात्र खालच्या बेटावरच्या वाळूत काढायची आणि सकाळी पुढच्या गावाला उतरायचे. त्यासाठी नदी खात्याचा परवाना हवा. खात्याने कळवले की आमचे साहेब स्वतः येतील, स्वतःचे अंथरूण आणतील, बेटावर झोपतील. त्यांचे सामान कोरडे राहिले तर परवाना. नाही राहिले तर होडी विकून टाका, असे खात्याने लिहिले नव्हते, पण धाकटीला ते न लिहिताच वाचता येत होते. शहरात तिच्या भावाचे लोखंडी सामानाचे दुकान होते. तिथे गल्ल्यामागची खुर्ची तिच्यासाठी राखून ठेवलेली. मागे एक खोली, खोलीला एक खिडकी, खिडकीसमोर भिंत. नवऱ्याला ती म्हणाली होती, "त्या भिंतीकडे बघत म्हातारी होण्यापेक्षा मी या नदीत रोज बुडेन." नवरा खांदा शेकत बसला होता. त्याने मान हलवली, तीही एकाच बाजूने.

अडचण पिशव्यांची होती. तोवर गिऱ्हाइकांचे सामान कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत बांधून नेत. मागे एका माणसाचा कोट त्यात असा भिजला, की तो पिळल्यावर नदीची पातळी वाढली असे गावात अजून सांगतात. तेव्हा चांगल्या, टिकाऊ, पाणी न शिरणाऱ्या पिशव्या घ्यायच्या ठरल्या. शहरातून आणायच्या. ही बातमी अण्णाच्या कानावर जाऊ नये म्हणून धाकटीने पहाटेची बस धरली. अण्णा आधीच बसमध्ये बसलेला होता. मांडीवर सायकलचा पंप.

"भाऊजी, तुम्ही कुठे?"

"तू कुठे?"

"पिशव्या आणायला."

"मग मीही तिथेच. हवापाण्याचा व्यवहार आहे, घरात जाणता माणूस असताना एकटी कशी जाशील?"

सफरीच्या सामानाचे दुकान चकचकीत होते. दुकानदार त्याहून. त्याने विचारले, "किती लिटरची हवी?"

"लिटर कशाला?" अण्णा म्हणाला. "आम्ही दूध न्यायला आलोय का?"

"काका, पिशवीचं माप लिटरमध्येच असतं."

"असेल. आमच्याकडे उशी मापाने झोपत नाही."

धाकटीने मध्ये पडून एक अंथरूण, एक उशी आणि दोन जोड कपडे मावतील एवढी सांगितली. दुकानदाराने तीन प्रकार पुढे टाकले. पहिली झुळझुळीत, पातळ, पोपटी रंगाची. इतकी हलकी की तिच्यावर संसार सोपवावा असे कुणाला वाटू नये. दुसरीला पुढे पारदर्शक खिडकी, आत काय आहे ते बाहेरून दिसावे म्हणून. तिसरी जाड, ताडपत्रीसारखी, मळकट पिवळी, दिसायला अगदी थोरल्या नणंदेसारखी खमकी. धाकटीने तिन्हींना हात लावून पाहिला. पातळ पिशवीचे जोड सुईने शिवून वर पट्टी चिकटवलेली होती. खिडकीवालीची खिडकी दुमडली की पांढरी रेघ उमटत होती. जाड पिशवीला शिवणच नव्हती, जोड तापवून एकजीव केलेले. खांद्याचा पट्टाही अंगाला भोक न पाडता वरून डकवलेला.

"ही," धाकटी म्हणाली.

"बरोबर निवडलीत, ताई," दुकानदार म्हणाला. "आता बंद कशी करायची ते बघा. आधी गुडघ्याने दाबून आतली हवा काढायची, मग तोंड घट्ट गुंडाळत आणायचं, तीन-चार वळसे, आणि ही क्लिप."

अण्णा हसला. त्याच्या हसण्यात दुकानदाराबद्दल फार दया होती. "हवा काढायची? अहो, उभा जन्म लोक माझ्याकडे हवा भरून घ्यायला येतात. हवा गेली की वस्तू मेली. आत हवा गच्च असली तर पाणी शिरेल कुठून? जागा तरी पाहिजे ना त्याला?"

"काका, तसं नसतं."

"तुम्ही विकता, आम्ही दुरुस्त करतो. फरक आहे."

परतीच्या बसमध्ये तीन प्रकारची एकेक पिशवी अण्णाच्या मांडीवर होती. तपासल्याशिवाय जास्त घ्यायच्या नाहीत, असे त्याने जाहीर केले होते, आणि मोठ्या दिराशी दुकानात वाद घालणे धाकटीच्या वळणात बसत नव्हते.

मग परीक्षा सुरू झाली. पातळ पिशवी अण्णाने पंपाने फुगवून टबात दाबली. बुडबुडा नाही. म्हणून त्याने ती दुकानामागच्या विटांच्या भिंतीवर घासली. तरी नाही. मग अजून घासली. शेवटी बुडबुडा आला तेव्हा अण्णाच्या चेहऱ्यावर असे समाधान पसरले, की कुणाला वाटावे पोरगा पहिला आला. खिडकीवाली त्याने दुमडली, उलगडली, पुन्हा दुमडली, बिचारीची खिडकी तडकेपर्यंत. पुलावर येणारेजाणारे थांबू लागले. पंक्चर काढायला आलेली माणसे चाके हातात धरून ताटकळत राहिली, पण अण्णा एवढ्या मोठ्या कामात असताना सायकलीसारख्या क्षुल्लक गोष्टीचे नाव कोण काढणार?

जाड पिशवी मात्र हट्टी निघाली. भिंतीला घासली, काही नाही. दगडावर आपटली, काही नाही. सायकलच्या मागे बांधून खडीच्या रस्त्यावरून फरफटत नेली. सायकलचे टायर फुटले, पिशवी तशीच. शेवटी अण्णाने थोरलीला हाक मारली.

"जरा हिच्यावर बस."

"का?"

"वजनाची परीक्षा."

"ती माझी की पिशवीची?" असे म्हणत थोरली बसली. पिशवी गप्प. थोरलीने तिथेच बसून शेजारच्या दोन घरांची उणीदुणी काढून संपवली, तरी पिशवी गप्प.

इथे शहाणा माणूस थांबला असता. अण्णाने पक्कड आणली. संध्याकाळी धाकटी दुकानात आली तेव्हा टबात एक बारीकसा बुडबुडा वर येत होता आणि अण्णा त्याच्याकडे बोट दाखवत उभा होता.

"सापडला! बघ, हीसुद्धा नापास."

"भाऊजी, भोक कशानं पडलं?"

"पकडीनं."

"म्हणजे तुम्हीच पाडलंत."

"आज मी पाडलं. उद्या नदी पाडेल."

"नदीच्या हातात पक्कड नसते हो. पिशवी सहलीला निघालीय, लढाईला नाही."

अण्णाने तिच्या अज्ञानाला क्षमा केली आणि भोकावर ट्यूबचे ठिगळ चिकटवले. ठिगळ उत्तम होते, ते मान्य करायला हवे. अशा रीतीने नापास पिशव्या फाटून नापास झाल्या आणि पास झालेलीला पास होऊ दिले नाही. साहेब चार दिवसांवर आले तरी धाकटीच्या हाती एकही धड पिशवी नव्हती.

तिने नवऱ्याला बसने धाडून जाड पिवळ्याच पिशव्या मागवल्या आणि त्या घरात माळ्यावर ठेवल्या. अण्णाला हे कळले तेव्हा तो रागावला नाही. त्यापेक्षा वाईट केले. तिच्या दारात येऊन पायरीवर बसला आणि लहान आवाजात म्हणाला, "तुला माझं ज्ञान नको असेल तर राहू दे. निदान साहेबांची पिशवी तरी मला भरू दे. घरातला मोठा आहे मी. लोक विचारतील, अण्णाने काय केलं?"

दाराच्या आडून नवऱ्याने चांगल्या हाताने 'हो म्हण' अशी खूण केली. भावाभावांत वाकडे नको. धाकटी हो म्हणाली. सगळ्या गोष्टीतली मोठी चूक अण्णाने केली असे गाव म्हणते. मला विचाराल तर ती या पायरीवर झाली, आणि तिला आम्ही मान राखणे म्हणतो.

साहेब आले. उंच, इस्त्रीचे, बोलताना ओठ कमीत कमी उघडणारे. त्यांच्या अंथरुणात एक जुनी उशी होती. अभ्र्यावर निळ्या दोऱ्याची फुले, धुऊन धुऊन फिकी झालेली. "ही आईने भरलेली आहे. हिच्याशिवाय मला झोप लागत नाही," ते म्हणाले, आणि लगेच कुणी हसते का ते पाहिले. कुणी हसले नाही. सगळ्यांचे लक्ष अण्णाकडे होते. त्याने अंथरूण, उशी, कपडे एका नव्या पिवळ्या पिशवीत घातले, पंपाची नळी तिच्या तोंडात खुपसली आणि हवा भरायला लागला. पिशवी हळूहळू तट्ट फुगली. मग नळी खसकन ओढून, तोंड पटापट वळवून त्याने क्लिप मारली. काम सफाईचे होते. चुकीचे काम अण्णा नेहमीच सफाईने करीत असे.

"भाऊजी," धाकटी जॅकेटचे पट्टे आवळता आवळता म्हणाली, "ही पिशवी आहे की कलिंगड?"

"वाजवून बघ. खणखणीत आहे."

ऊन रणरणते होते. साहेब घड्याळ पाहत होते. होडीच्या मागच्या भागात इतर सामानाशेजारी ते कलिंगड दोरीने करकचून बांधले, आणि दोरी ताणलेली पाहून धाकटीनेही मनाची समजूत घातली. अण्णा स्वतः होडीत चढला. त्याला पोहता येत नव्हते, पण पिशवीची तब्येत पाहायला वैद्य नको का?

नदीचे पाणी धरणाच्या तळातून सुटलेले, बर्फासारखे. पहिल्या उतारावर होडीत लाट आली आणि सामान न्हाऊन निघाले. उन्हात तापून फुगलेली हवा गारठ्याने आत आत आकसली. कुणाच्या ध्यानात आले नाही, कारण सगळे समोर पाहत होते. एकटा अण्णा मागे पाहत बसला होता, आणि त्यालाही पिशवी थोडी बारीक झालेली दिसली, पण प्रवासात माणूसही बारीक होतो, म्हणून त्याने मनावर घेतले नाही. दोरी सैल पडत गेली. दुसऱ्या उतारावर होडी एका कुशीवर वाकली, दोरीच्या फासातून पिशवी साबणासारखी सटकली आणि टुपकन पाण्यात पडली.

"बघा! साहेब, बघा!" अण्णा आनंदाने ओरडला. "बुडते का बघा! एक बुडबुडा तरी येतो का बघा!"

सगळ्यांनी वळून पाहिले. पिवळी पिशवी लाटेवर बदकासारखी डौलात बसली होती. एकही बुडबुडा नव्हता. धाकटीने वल्हे मारून पाहिले, पण होडीत माणसे होती आणि पिशवीला कसली जबाबदारी नव्हती. ती खडकाला वळसा घालून, मान वर करून, होडीच्या पुढे निघून गेली. अण्णाचा वर गेलेला हात कितीतरी वेळ वरच राहिला. खाली आणायचा तर त्याचे काय करायचे, हे त्याला कळेना.

बेटावर संध्याकाळ झाली. वाळू लाल झाली, पाण्यावर सोन्याचा पत्रा पसरला, पक्षी थवे करून परतले. पण एवढे सारे पाहायला कुणाचे मन जागेवर नव्हते. बाकीच्या पिशव्या धाकटीने स्वतः भरल्या होत्या. त्या सगळ्या चपट्या, कुरूप आणि कोरड्या निघाल्या. तिने आपले अंथरूण साहेबांपुढे ठेवले.

"उशी?" साहेबांनी विचारले.

"माझी आहे."

"तुमची नको." ते वाळूवर ताठ बसून राहिले.

धाकटी पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढे ती खिडकी आली असावी, आणि खिडकीसमोरची भिंत. अण्णा तिच्यामागे जाऊन उभा राहिला. त्याला काही म्हणायचे होते. तो म्हणाला, "पिशवीत पाणी मात्र गेलेलं नाही, हे मी लिहून देतो."

"भाऊजी," ती वळली नाही, "तुम्ही जाऊन बसा." आवाज वाढवला नव्हता, पण अण्णा गेला आणि बसला. जन्मात पहिल्यांदा कुणी सांगितले म्हणून बसला.

सकाळी होडी खाली निघाली. पुढच्या गावाला उतरायच्या जागेपाशी एक मासेवाली काठावर जाळे नीट करीत बसली होती. बसली होती एका पिवळ्या, गोल, तट्ट फुगलेल्या वस्तूवर. सकाळच्या उन्हाने पिशवीला पुन्हा बाळसे आले होते.

"तुमची होय?" ती उठायचे नाव न घेता म्हणाली. "काल वेताच्या जाळीत अडकलेली दिसली. बसायला फार छान आहे. अजून असतील तर एक मला द्या."

साहेबांनी क्लिप काढली. फुस्स करून हवा बाहेर आली. त्यांनी आत हात घातला, उशी काढली, गालाला लावली आणि क्षणभर डोळे मिटून घेतले. ओठ पूर्ण उघडले. "कोरडी आहे," ते म्हणाले.

"मी म्हणत नव्हतो?" अण्णा पुढे सरसावला. "हवेचा गुण!"

"साहेब, थांबा," धाकटी म्हणाली. "पिशवी चांगली होती म्हणून उशी वाचली. हवा भरली म्हणून ती गेली. हवा गारठली, दोरी सैल झाली. निघताना मला ती फुगलेली दिसली होती आणि मी गप्प बसले. नावाडी मी आहे. उशीच्या जागी माणूस सटकला असता तर? तुम्ही परवाना नाही दिलात तरी मी समजेन."

साहेबांनी उशी काखेत धरली. मग खात्याचा माणूस बोलतो तसे बोलू लागले. "नियम असा आहे की प्रवाशाचं सामान कोरडं राहिलं पाहिजे. ते प्रवाशाबरोबर राहिलं पाहिजे, असं नियमात कुठे म्हटलेलं नाही. नियम करताना कुणाला ते सुचलं नसणार." त्यांनी काखेतली उशी आणखी घट्ट धरली. "परवाना मिळेल. पण यापुढे होडीत चढणारी प्रत्येक पिशवी कोण भरणार?"

धाकटीने अण्णाकडे पाहिले. तिच्या त्या पाहण्यात आदर होता, माया होती, आणि यापुढे चर्चा नव्हती. "मी," ती म्हणाली. "भाऊजी घाटावर थांबतील."

अण्णाने मान डोलावली. ती किती खाली गेली ते मासेवालीने पाहिले, कारण पुढे कितीतरी दिवस तीच हे सांगत होती.

आता धाकटीची होडी आठवड्यागणिक बेटावर मुक्कामाला जाते. परतल्यावर पिवळ्या पिशव्या तिच्या अंगणात उलट्या टांगलेल्या दिसतात, तोंडे उघडी टाकून वाळत. अण्णाच्या दुकानावर ती ठिगळाची पिशवी फुगवून लावलेली आहे. खाली त्याने रंगवून घेतले आहे, "नदीने पास केलेली". ज्या पिशवीने नदी कधी पाहिली नाही तिच्याखाली हे लिहायला मोठी छाती लागते, आणि ती अण्णाकडे पहिल्यापासून आहे.

एकच गोष्ट त्याला सोसत नाही. सहल निघायच्या वेळी धाकटी घाटावर गुडघे टेकते, एकेका पिशवीवर भार टाकते आणि आतली हवा फुस्स करून काढून टाकते. तो आवाज पुलावरून थेट दुकानात येतो. अण्णा हातातले चाक ठेवतो आणि तोंड फिरवतो. आयुष्यभर त्या आवाजाला तो रोग समजत आला आहे, आणि आता त्याच्याच घरातली बाई दर सहलीला तो मुद्दाम करते, तेही परवान्यासकट.